पंचावन्न इंच, तिरपे

पडदा तिरपा मोजतात, आप्पा,
खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्याला.
हिलालआप्पांनी तरी डाळमिलमधून टेप मागवला,
दोनदा लावला. पंचावन्न.
"पारोळ्यात पयला," म्हणाले,
आणि भुशाचे हात धोतराला पुसले.

त्यासाठी दाराची चौकट काढावी लागली होती.
चार हमाल, तुरीची पोती उचलणारे,
म्हणाले, पोतं खांद्याला ओळखतं,
याला कुठूनच धरता येत नाही.

मी पुस्तक उघडून एकेक गुण वाचत गेलो.
रुंदी सोळा तर उंची नऊ.
आत तीन नळ्या, तांबडी, हिरवी, निळी,
तिन्हींचा उजेड आरशावर,
आरशाचा पाठीमागून पडद्यावर.
एका चित्राच्या कोपऱ्यात दुसरं चित्र.
रेघा दुपटीहून जास्त,
खेळाडूच्या नाकावरचा घामही दिसेल.
"घाम तं आठे फुकट दिसस," आप्पा म्हणाले.
बाहेर मे महिना होता, पंखा गरम वारा वाटत होता.

केबल निंबावरून आलेली, तीन ठिकाणी चिकटपट्टी.
चित्र मोठं झालं, तशी आतली धूळही मोठी झाली.
लोक म्हणतात, मुंग्या आल्या.
आमच्या घरात त्याला कापूस म्हणतात.
माझा आजा पिंजारी,
त्याच्या कमानीखाली खोली अशीच पांढरी व्हायची,
म्हणून बिघडलेल्या पडद्यावर
मला चिडता येत नाही.

दुपारभर पांढऱ्या रेघांची जाळी लावून बसलो.
तांबडी हिरवीवर, निळी दोघींवर.
मधोमध जुळली की कोपऱ्यात सुटते,
कोपरा धरावा तर मध्य हलतो.
पांढरी रेघ अशी नसतेच मुळात,
तिघी एकमेकींना झाकून बसलेल्या असतात.
चार वाजता बसल्या.

मग मुलानं मस्कतहून धाडलेली चकती.
समुद्र. मासे. माशांच्या अंगावरचे खवले.
गल्ली दारात उभी राहिली.
आप्पांनी हात पुढे केला,
"लावू नका, आप्पा, पडद्याला बारीक खाचा आहेत,"
तर हात तसाच हवेत, माशाजवळ.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कौतिकबाई,
परातीत कळण्याचं पीठ.
मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाल्या,
"भाऊ, माले आठेन समदं काळंच दिसस."

मला वाटलं, नळी गेली.
जाऊन त्यांच्या शेजारी बसलो, जमिनीवर.
खरंच. समुद्र विझलेला,
मासे असतील तर असतील.
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
समोर बसून पाहावे. बाजूने व खालून उजेड घटतो.
हा गुण मी वाचून दाखवला नव्हता.

"जुना डबामा दिसे," त्या म्हणाल्या,
आणि पाणी घातलं पिठात.

माणसं चहाला ओट्यावर गेली.
खाली चाकं होती, हेही पुस्तकात होतं.
रेटलं. आता? "नई."
अजून थोडं. आता?
उत्तर आलं नाही.
वळून पाहिलं तर हात पिठात थांबलेला,
बोटांवर ओला गोळा,
आणि तोंडावर निळं हलत होतं.
"मासा शे," म्हणाल्या. "डोया मिटत नई त्याना."

आप्पा परत येऊन खुर्चीत बसले.
"उजेड उतरना का रे?"
मी म्हटलं, कोन असतो, आप्पा.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पडदा जिकडे पाहत होता तिकडे.
काही बोलले नाहीत.
खुर्ची दोन फरश्या ओढली,
तिचा आवाज झाला तेवढाच.

बिलात लिहिलं: जोडणी, रेघा जुळवणे, साडेतीनशे.
चाकांसाठी रकाना नव्हता.

सुताराने चौकट परत ठोकली.
एक खिळा उरला, कुठला ते त्यालाही कळेना.
दार मात्र लागत होतं.